कपात पाकिटातून येते

मागच्या महिन्यात इथे, अमेरिकेत न्यू जर्सीत, एका मैत्रिणीकडे जेवायला जमलो होतो. जेवणं आटोपल्यावर नेहमीप्रमाणे राजकारण निघालं. एक काका म्हणाले, "बरं झालं मेडिकेड कापलं. आपण मरमर काम करून टॅक्स भरायचा आणि यांनी घरी बसून खायचं!" (मेडिकेड म्हणजे इथल्या कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा.) माना डोलावणारे पुष्कळ होते. मी गप्प बसले. दुसऱ्याच्या घरी, हातात श्रीखंडाची वाटी असताना भांडायचं कसं? म्हणून आज इथे लिहितेय.

या काकांच्या आई ८६ वर्षांच्या आहेत. रोज सकाळी त्यांना न्यायला व्हॅन येते. अडल्ट डे केअरमध्ये नर्स बीपी बघते, भजनं होतात, दुपारी गरम जेवण मिळतं. न्यू जर्सीत अशी सेंटर आपल्या आजी-आजोबांनी भरलेली आहेत. तिथल्या बहुतेकांचं बिल मेडिकेड भरतं, या आजींचंही. काकांना हे माहीत नाही असं नाही, पण त्यांच्या डोक्यात ते "आईचं सेंटर" आहे आणि मेडिकेड म्हणजे "ते लोक".

यात काकांचा एकट्याचा दोष नाही. या योजनेला बऱ्याच राज्यांनी वेगळं नाव दिलंय. आमच्याकडे फॅमिलीकेअर, कॅलिफोर्नियात मेडी-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, विस्कॉन्सिनमध्ये बॅजरकेअर. त्यामुळे टीव्हीवर "मेडिकेडमध्ये कपात" ऐकलं की ज्याचं कापलं जाणार तोही म्हणतो, आपल्याला काय त्याचं! या देशातल्या दर दहा बाळंतपणांतल्या चारांचा खर्च मेडिकेड उचलतं. नर्सिंग होममधल्या दर पाच माणसांतल्या तिघांचाही.

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या त्या मोठ्या कायद्याबद्दल, "वन बिग ब्यूटिफुल बिल"बद्दल, सगळ्यांनी ऐकलंय. सिनेटमध्ये ५०-५० मतं पडली, उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने तो पार पडला. हाऊसमध्ये २१८ विरुद्ध २१४. काँग्रेसच्याच, म्हणजे इथल्या संसदेच्याच, बजेट ऑफिसच्या हिशेबाने दहा वर्षांत मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च ९०० अब्ज डॉलरहून जास्त कमी होणार, फूड स्टॅम्पवरचा, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मिळणाऱ्या मदतीवरचा, सुमारे १८६ अब्जांनी. आणि २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांत साधारण एक कोटी माणसांची भर पडणार. कायद्याच्या बाजूचे म्हणतात, आम्ही गरजूंचं काही काढत नाही, धडधाकट माणसांनी महिन्याला ८० तास काम करावं एवढंच म्हणतो. ऐकायला अगदी रास्त वाटतं. मलाही वाटलं असतं, शनिवारी फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, बसत नसते तर.

तीन वर्षं मी आमच्याकडच्या एका फूड पँट्रीत शनिवारी सकाळी जाते. आधी डाळी-तांदळाच्या पिशव्या भरायचे. आता कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून लोकांचे फॉर्म भरून देते, कारण पिशव्यांपेक्षा त्याच टेबलापुढची रांग लांब असते. लोक सरकारी पत्रांची पाकिटं घेऊन येतात. काही न फोडलेलीच. भीतीने फोडलेली नसतात.

परवा एक बाई आली. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, भरवणं हे तिचं काम. दोन एजन्सींकडून कामं मिळतात, शिवाय एक आजोबा थेट रोख देतात. एका आठवड्यात तीस तास भरतात, तर पुढच्या आठवड्यात पेशंट हॉस्पिटलात गेला म्हणून नऊच. तिच्या पाकिटात मेडिकेडच्या रिन्यूअलचा फॉर्म होता. आधी जुन्या पत्त्यावर जाऊन आलेला, त्यावर चिकटवलेला पिवळा स्टिकर, आणि मुदत संपायला चार दिवस. एका एजन्सीची पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, फक्त ॲपवर, आणि ॲपचा पासवर्ड जुन्या फोनबरोबर गेलेला. रोख देणाऱ्या आजोबांकडून पत्र आणायचं, तर त्यांचा हात थरथरतो. ही बाई घरी बसून खात नाही. उलट कुणाला तरी भरवून घरी जाते. तिला काम करायला सांगायची गरजच नाही, तिची अडचण आहे ती काम करते हे कागदावर दाखवायची. राज्यांनी शक्य तिथे स्वतःकडच्याच नोंदी बघून तपासावं, असं नव्या कायद्यात म्हटलंय खरं. पण रोख पैसे देणाऱ्या आजोबांची नोंद कुठल्या कॉम्प्युटरमध्ये सापडणार?

आणि हे वर्षातून एकदाच नाही. नव्या नियमाने २०२६ च्या अखेरीपासून तिच्यासारख्यांची पात्रता दर सहा महिन्यांनी तपासायची. कामाच्या तासांची अट संबंधित राज्यांनी लागू करायची मुदत १ जानेवारी २०२७, केंद्राने एखाद्या राज्याला मुदतवाढ दिली नाही तर.

हे मी कल्पनेने सांगत नाहीये. आर्कान्सामध्ये २०१८ साली हीच अट घालून पाहिली होती. तास नोंदवायचे ते ऑनलाइन, आणि वेबसाइट रात्री नऊला बंद व्हायची! (वेबसाइटला दुकानासारखं शटर असतं हे मला तेव्हा कळलं.) काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांचा विमा गेला. पुढे अभ्यास झाला तर काम करणाऱ्यांचं प्रमाण काही वाढलेलं दिसलं नाही. मार्च २०१९ मध्ये कोर्टाने ती अट थांबवली.

कोविडनंतरचं तर ताजंच आहे. २०२३ पासून सगळ्यांची पात्रता नव्याने तपासली, त्यात अडीच कोटी लोकांचं मेडिकेड बंद झालं. त्यांतल्या दर दहांपैकी जवळजवळ सात जणांचं कशामुळे? फॉर्म परत आला नाही, पत्र पोचलं नाही, कागद कमी पडला. ते अपात्र आहेत असं कुणी ठरवलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की कपातीचा मोठा वाटा या पाकिटांमधून येणार आहे. "तुमचा विमा काढून घेतो" असं म्हणायला कुणी धजत नाही, त्यापेक्षा एक फॉर्म वाढवला की माणसं आपोआप गळतात. वर त्या गळतीला बचत म्हणायचं.

फूड स्टॅम्पचं, म्हणजे स्नॅपचं, गणित तर याहून विचित्र आहे. २०२५ मध्ये चार कोटींवर लोक, माणशी सरासरी दिवसाला सहा डॉलरच्या आसपास. त्यातून साबण घेता येत नाही, डायपर नाही, औषध नाही. दुकानातली गरम रोस्ट कोंबडी चालत नाही, तीच थंड करून पॅक केली की चालते. आजवर या खाण्याचे सगळे पैसे केंद्र देत होतं. ऑक्टोबर २०२७ पासून पैसे देताना ज्या राज्याच्या चुकांचं प्रमाण सहा टक्के किंवा त्याहून जास्त असेल त्याने ५ ते १५ टक्के स्वतः भरायचे. चूक म्हणजे फसवणूक नव्हे बरं का. एखाद्याला चुकून कमी दिले तरी तीही चूकच मोजतात. आणि त्याच्या आधी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पासून, कारभाराच्या खर्चातला केंद्राचा वाटा निम्म्यावरून पाव होणार. म्हणजे आधी कारकुनांचा पगार कापायचा, माणसं कमी झाली की चुका वाढणार, आणि चुका वाढल्या म्हणून दंड लावायचा. राज्यांनी पैसे आणायचे कुठून? शाळांतून, नाहीतर याच योजनेतून.

फसवणूक होतच नाही असं मी म्हणणार नाही. मेडिकेडमधले मोठे घोटाळे बघा, बहुतेक वेळा खोटी बिलं लावणारी क्लिनिक आणि कंपन्या निघतात. त्यांना पकडा ना, टाळ्या वाजवायला मी पहिली. पण पे-स्टब मागून खोटं बिल कसं सापडणार?

आपल्यातले बरेच जण म्हणतील, आम्ही एच-वन व्हिसावाले, आम्हाला यातलं काहीच मिळत नाही. बहुतांशी बरोबर. ग्रीन कार्डवाल्यांनाही १९९६ च्या कायद्यामुळे बहुतेक वेळा पाच वर्षं थांबावं लागतं. पण आई-वडिलांना इकडे आणायचं ठरवून बसलेले किती जण आहेत आपल्यात? नर्सिंग होमचं महिन्याचं बिल एकदा विचारून बघा.

वॉशिंग्टनमधलं मतदान होऊन गेलं. आता भार राज्यांवर आलाय आणि न्यू जर्सीचं बजेट दरवर्षी ३० जूनपर्यंत ठरवावं लागतं. आपल्या असेंब्लीमनच्या, म्हणजे राज्याच्या विधिमंडळातल्या प्रतिनिधीच्या, ऑफिसला फोन करा, दोन मिनिटं लागतात. सांगा की कचेरीतली माणसं कमी करू नका, फॉर्म सोपा ठेवा, फोन उचलायला कुणीतरी असू द्या. ज्यांना नागरिकत्व मिळालंय त्यांनी तर कराच. आणि घरात कुणी फॅमिलीकेअरवर असेल तर त्यांचा पत्ता आजच्या आज तपासा.

त्या बाईच्या पे-स्टब शेवटी मिळाल्या. आजोबांच्या मुलीने पत्र लिहून दिलं, आजोबांनी सही केली, सही म्हणजे एक वाकडी रेघ. तडा गेलेल्या फोनवरून फोटो काढून आम्ही दोघींनी मिळून सगळं अपलोड केलं. काल तिचा मेसेज आला, स्क्रीनवर अजून "पेंडिंग" दिसतंय.