लॅमिनेटेड दस्ता म्हणजे रंगवलेला प्लायवुड नव्हे

नागपुरातल्या नेमबाजांच्या आणि शस्त्रपरवानाधारकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: रायफलीचा लॅमिनेटेड दस्ता (नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकतो तो भाग, लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला) म्हणजे रंगवलेला प्लायवुड, विदर्भाच्या उन्हात त्याचे थर सुटतात, तो विनाकारण जड असतो, त्याने नेमात काडीचा फरक पडत नाही, तेव्हा बल्लारशाहचे अव्वल सागवान घ्यावे आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून अखंड लाकडाचा दस्ता घडवून घ्यावा. हा संदेश वाचून काही जण खरोखरच लाकूड शोधू लागले आहेत आणि त्यातला शेवटचा सल्ला तर माणसाला थेट कायद्याच्या कचाट्यात नेणारा आहे, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

प्रथम प्लायवुडविषयी. कपाटासाठी आपण जो प्लायवुड आणतो, त्यातले थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असतात, कारण तक्त्याला लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांनी ताकद हवी असते. दस्त्यासाठीच्या लॅमिनेटमध्ये साधारण दीड मिलिमीटर जाडीचे, बहुधा बर्चचे, रंगवलेले थर घेतात, त्यांचे तंतू मुख्यतः नळीच्या दिशेनेच ठेवतात, राळ लावून मोठ्या दाबाखाली त्यांचा एकजीव ठोकळा करतात आणि मग त्यातून दस्ता कोरून काढतात. ही पद्धत नवी नाही. जर्मनीने दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच माउझर रायफलींना बीचच्या थरांचे दस्ते बसवायला सुरुवात केली होती, आणि सोव्हिएत सैन्याच्या अनेक कलाश्निकोव्ह रायफलींचे दस्तेही थरांच्या बर्चचे होते. सैन्याच्या हातात रायफलीची जी आबाळ होते, ती आपल्यापैकी कुणाच्याही रायफलीची होणार नाही.

थर सुटण्याची भीती मात्र अगदीच निराधार नाही आणि ती कुठून आली हेही समजण्यासारखे आहे. स्वयंपाकघरात सिंकखाली लावलेला एमआर दर्जाचा, म्हणजे साधा घरगुती वापराचा, प्लायवुड दोन पावसाळ्यांत फुगतो, कडेने उकलतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण तो उकलतो पाण्याने, उन्हाने नव्हे. त्यातली युरिया राळ सततची ओल सोसत नाही. फिनॉलिक राळेचे तसे नसते. आयएस ७१० या मानकाच्या मरीन प्लायवुडचा नमुना तर ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासला जातो. या राळा एकदा पक्क्या झाल्या की उष्णतेने पुन्हा पातळ होत नाहीत, त्यामुळे नागपूरच्या ४५ अंशांचे त्यांना काही वाटत नाही. विकत घेताना राळ कोणती हे विचारावे, इतकाच यातून निघणारा धडा आहे. मे महिन्यात बंद गाडीत रायफल ठेवली तर थरांच्या आधी कदाचित बेडिंगसाठी, म्हणजे रायफलीचा लोखंडी भाग दस्त्यात घट्ट बसावा म्हणून, वापरलेले साधे इपॉक्सीच मऊ पडेल, कारण त्यातले बरेच प्रकार ५० ते ६० अंशांनंतर नरमतात.

आपल्या हवामानाचा खरा प्रश्न उष्णतेचा नसून हवेतल्या ओलाव्याच्या चढउताराचा आहे, आणि संदेशात नेमका त्याचाच उल्लेख नाही. मे महिन्यातल्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते; अशा हवेत मुरलेल्या लाकडात ४-५ टक्केच ओलावा उरतो. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तेच लाकूड १५-१६ टक्क्यांपर्यंत ओलावा ओढू शकते. त्यात भर कूलरची: ज्या खोलीत दिवसरात्र कूलर चालतो, तिथे ऐन उन्हाळ्यातही कपाटातल्या लाकडाला पावसाळ्यासारखी हवा मिळते आणि सरावासाठी बाहेर नेले की त्याला लूला तोंड द्यावे लागते.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, ते हलते रुंदीत आणि जाडीत. अखंड फळीत तंतूंचा कोन खांद्यापासून नळीखालच्या भागापर्यंत बदलत जातो, त्यामुळे प्रत्येक भाग वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि दस्त्याला पीळ पडतो. याची परीक्षा घरीच करता येते. नळी मोकळी ठेवलेल्या रायफलीत नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. मे महिन्यात सुळकन मागेपर्यंत जाणारी पट्टी पाऊस मुरल्यावर मध्येच एका बाजूला अडू लागली, तर दस्ता नळीला टेकू लागला आहे आणि गोळ्या आता उन्हाळ्यात बांधलेल्या झीरोवर, म्हणजे नेम जुळवून ठरवलेल्या जागी, पडणार नाहीत.

इथे लॅमिनेटच्या बाजूनेही अतिशयोक्ती करू नये. बर्च हे काही न हलणारे लाकूड नाही. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत पिवळा बर्च स्पर्शरेषेच्या (वर्षवलयांना समांतर) दिशेने सुमारे ९.५ टक्के आकसतो, काळा अक्रोड ७.८ टक्के आणि सागवान फक्त ५.८ टक्क्यांच्या आसपास. लॅमिनेटचा फायदा वेगळा आहे: त्यातल्या प्रत्येक थराची वळण्याची खोड निराळी असते आणि शेजारचे थर ती दाबून धरतात, त्यामुळे जे हलणे उरते ते सारखे होते, पिळाचे होत नाही. दस्त्याच्या बारीक पकडीपाशी, जिथे अखंड लाकूड रायफल पडल्यावर तंतूंच्या रेषेत तडकते, तिथेही भेग थराथरांत अडखळते.

म्हणूनच ‘नेमात फरक पडत नाही’ हे विधान अर्धेच खरे आहे. कोणताही दस्ता वाईट नळीला चांगली करत नाही, पण स्थिर दस्ता चांगल्या नळीचा झीरो ऋतू पालटला तरी टिकवतो. त्यासाठी बेडिंगही नीट हवे. लॅमिनेटसुद्धा शेवटी लाकूडच आहे आणि ॲक्शनचे (नळीमागच्या, गोळी भरणाऱ्या यंत्रणेचे) स्क्रू आवळत गेल्यावर तेही दबते. तिथे स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमची नळकांडी, म्हणजे पिलर, बसवलेच पाहिजेत. इशापूरची ३१५ बोअरची रायफल ली-एनफिल्डच्या रचनेवर बेतलेली असून तिचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो. तिथे मागचा तुकडा लॅमिनेटचा केला तर नेमाला फारसे काही मिळणार नाही. महत्त्व पुढच्या तुकड्याचे आहे, कारण नळी त्यात असते.

वजनाचा आक्षेप खरा आहे. अक्रोडाच्या तुलनेत पाव किलो किंवा थोडे अधिक वजन सहज वाढते. डोंगर चढणाऱ्या परदेशी शिकाऱ्याला ते जाचेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे; इथली रायफल बहुतेक वेळा रेंजवर चालते, आणि तिथे जास्त वजनाने धक्का कमी बसतो, रायफल स्थिर राहते.

आता सागवान. त्याची स्थिरता मी वर आकड्यानिशी मान्य केलीच आहे, आणि आपल्या सीपी (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमधल्या) सागवानाचा मलाही अभिमान आहे. परंतु त्याच्या अंगच्या तेलामुळे इपॉक्सी नीट धरत नाही, म्हणजे बेडिंग उचकटण्याचा धोका राहतो. शिवाय ते धक्क्याने चिरणारे लाकूड आहे. अखंड लाकूडच हवे असेल तर नीट मुरलेला, पकडीत सरळ तंतूंचा अक्रोड घ्यावा. तो देखणा असतो, हलका असतो आणि तेल-पाणी करून दुरुस्तही करता येतो.

आणि मिस्त्रीकडे रायफल नेऊ नका, मग तो कितीही कसबी असो. शस्त्र कायदा १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती व फेरफार यांना परवाना लागतो, आणि शस्त्र बिनपरवाना माणसाच्या ताब्यात देणे हाही गुन्हा आहे. काम परवानाधारक बंदूक कारागिराकडेच द्यावे आणि दस्ता लॅमिनेटचा असो वा अक्रोडाचा, ॲक्शनची खाचण, स्क्रूंची भोके आणि बटप्लेटखालचा (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीखालचा) कापलेला भाग त्याच्याकडून सीलरने बंद करून घ्यावा, कारण ओल शिरते ती बाहेरच्या चकचकीत पॉलिशमधून नव्हे, तर तंतूंच्या या उघड्या तोंडांतून.