‘एवढं रगात कशाला?’

नमस्कार. रक्तमोक्षणावरच्या, म्हणजे उपचार म्हणून शरीरातलं रक्त काढण्यावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "जुन्या वैद्यांना नावं ठेवता, पण तुमचे लॅबवाले रोज नळ्या भरून रक्त काढतात ते चालतं. फरक काय?" रागानं विचारलंय, पण प्रश्न खरा आहे.

आधी माझी चूक. आपल्या प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताला मी सरसकट, ऊठसूट रक्त काढणाऱ्या युरोपातल्या वैद्यांच्या पंगतीत बसवलं, ते चुकलं. सुश्रुतसंहितेत जळवांच्या १२ जाती आहेत, सहा सविष, सहा निर्विष. कुणाचं रक्त काढू नये तेही सांगितलंय. पावसाळ्यात राधानगरीच्या रानात जळू चिकटली की रक्त लवकर थांबत नाही, तोच तिचा गुण आज तुटून परत जोडलेल्या बोटात रक्त साचू नये म्हणून वापरतात.

पण १७९९ मध्ये घसा सुजलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनचं एका दिवसात दोन लिटरहून जास्त रक्त काढलं आणि त्याच रात्री ते गेले. उपाय लागू पडतो का, हे मोजायची पद्धत रूढच नव्हती. १८३५ मध्ये पॅरिसचे डॉक्टर पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांचे आकडे मांडले: लवकर रक्त काढलेल्या ४१ पैकी १८ दगावले, उशिरा काढलेल्या ३६ पैकी ९. मला फरक दिसतो तो इथं, मोजण्यात.

आता आमचं. मी कोल्हापुरात राजारामपुरीत लॅबमध्ये काम करतो. गंगावेशीतल्या एक मावशी दरवेळी म्हणतात, "एवढं रगात कशाला वो?" मी जांभळ्या झाकणाची नळी त्यांच्या हातात देतो: दोन मिली. सगळ्या नळ्या मिळून चमचा-दीड चमचा. तेवढ्यानं काही होत नाही.

आयसीयूत मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. वडील एका रुग्णालयात ११ दिवस होते. सकाळ-संध्याकाळ चार-चार नळ्या. हिमोग्लोबिन १२.१ वरून ९.४ वर आलं. सगळी घट सुईनं झाली असं नाही, आजारानंही उतरतं. पण मशीनला सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला, थेंब-दोन थेंब पुरतात, उरलेलं बहुतेक टाकलंच जातं. आणि मोठी नळी अर्धी भरूनही चालत नाही, आत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या औषधाचं प्रमाण बिघडून रिपोर्ट चुकतो. नळीच लहान हवी. सातव्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "कालच्या रिपोर्टनं आज औषधात काय बदललं?" त्यांनी फाईल उलटून पाहिली आणि तीन तपासण्या दिवसाआड केल्या. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, याची हळहळ अजून आहे.

आमच्या लॅबमध्ये आता दाखल असलेल्या वयस्कर पेशंटसाठी लहान मुलांच्या नळ्या वापरतो.