कार्यकर्त्यांना शेवटी का बोलावता?
सरकारी नियम सोप्या पत्रकांत मांडणाऱ्या डिझायनरांवरचा तुमचा लेख वाचला. 'डिझायनर किचकट धोरण सोपं करून देतो' हे त्यातलं वाक्य अर्धंच खरं आहे. न्यूयॉर्कच्या फेरीवाल्यांसाठी २००९ साली निघालेलं 'व्हेंडर पॉवर' हे घडीचं पोस्टर बघा. दुकानाच्या दारापासून २० फूट, क्रॉसिंगपासून १० फूट, असे नियम चित्रांत; सोबत बंगाली, चिनी, अरबी, स्पॅनिश, इंग्रजीत मोजकाच मजकूर. पण दंडाची पावती नेमकी कशावरून फाटते, हे फेरीवाल्यांसोबत रोज वावरणारी संघटनाच सांगू शकते.

मीही अशी पत्रकं केली आहेत. कार्यकर्त्यांना बहुतेकदा शेवटी बोलावतात, तेही शुद्धलेखन तपासायला! तोवर रंग, आयकॉन सगळं ठरलेलं. मग 'अपील कुठे करायचं' ही ओळ कोपऱ्यात कोंबतात. आणि मानधन? ते फक्त डिझायनरला. याबद्दल लेखात चकार शब्द नाही.