खून झाला की आधी बाहेरचाच का आठवतो?

अगाथा ख्रिस्तीचं 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (1934) कॉलेजात वाचलं तेव्हा खुनी कोण एवढ्यासाठीच पानं उलटली होती, आता म्युनिकला राहायला आल्यावर झाग्रेबच्या ट्रेनमध्ये परत वाचलं आणि शेवट माहीत असूनही जाम मजा आली. इस्तंबूलहून निघालेली गाडी युगोस्लाव्हियात विंकोव्त्सी आणि ब्रोदच्या मधे बर्फात अडकते (ही गावं आता क्रोएशियात आहेत), एका अमेरिकन प्रवाशाचा सुऱ्याने भोसकून खून होतो, डब्यात देशोदेशीची माणसं. शेवट सांगत नाही, काळजी नको.

यावेळी खरी रंगत आली ती लोकांच्या बोलण्यात. रेल्वे कंपनीचा डायरेक्टर बूक माणूस चांगला आहे, पण हातात काही पुरावा नसताना तो इटालियन प्रवाशाच्याच मागे लागतो, का तर सुरा म्हणजे इटालियन माणसाचंच काम! भारतातून घरी निघालेला कर्नल आर्बथनॉट एका इंग्रज तरुणीला 'पक्का साहिब' म्हणतो, म्हणजे तिच्यावर संशय घ्यायचाच नाही. आणि तपास करणारा प्वारो स्वतः बेल्जियन, पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून आलेला, तो मात्र एकेकाला बोलावून विचारतो, बंद पडलेलं घड्याळ, रुमाल, पाइप साफ करायची काडी, सगळं तपासतो.

हे वाचत असतानाच पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सायकल चोरीला गेल्याचा मेसेज आला आणि दोन मिनिटांत सगळे नव्या वॉचमनवर घसरले, बिहारचा आहे ना तो, यांना ठेवायलाच नको वगैरे. सीसीटीव्ही कुणी बघितलाच नव्हता. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठीत बोलावं हे मला मनापासून पटतं, मीही इथे जर्मन शिकलोय आणि शिकायलाच हवं होतं. पण भाषेचा आग्रह वेगळा आणि चोरीचा आळ वेगळा, आपल्याकडच्या वादात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. इकडे बॉर्डरवर तपासणीवाले डब्यात चढले की आधी माझाच पासपोर्ट मागतात, शेजारचे गोरे आजोबा आरामात पेपर वाचत बसतात, तेव्हा पोटात जो गोळा येतो तोच त्या वॉचमनच्या पोटात आला असणार. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, आधी फुटेज बघा आणि विचारायचंच असेल तर सगळ्या मजल्यांवर विचारा.