रोबो आहे म्हणून हीट इनपुट आधीच कळतं?

डोकं फिरलंय आज. परत तीच मीटिंग, वेल्डिंगच्या रोबोवरून परत तोच प्रश्न, "रोबो आहे ना, मग हीट इनपुट किती येणार ते आधीच नक्की सांगायला काय जातं?" हीट इनपुट म्हणजे वेल्डच्या दर मिलिमीटरला जॉबमध्ये, म्हणजे जोडायच्या तुकड्यात, जाणारी उष्णता. अहो रोबोचा हात दर वेळी त्याच वाटेने जातो, आर्कचं, म्हणजे वायर आणि जॉबमध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्वाळेचं, तसं नसतं, किती वेळा घसा कोरडा करायचा!

फॉर्म्युला सगळ्यांना पाठ. व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले स्पीड. २८ व्होल्ट, २६० अँपिअर, मिनिटाला ४०० मिलिमीटर, आला १.०९ किलोज्यूल प्रति मिलिमीटर, एक्सेलमध्ये टाकला की झालं. त्यात युरोपियन स्टँडर्डवाले मिग-मॅगला (गॅसच्या आवरणात वायर वितळवणारं वेल्डिंग, आमचं तेच) ०.८ एफिशियन्सी लावतात, म्हणजे ८० टक्केच उष्णता जॉबमध्ये गेली असं धरतात, एएसएमईवाले, म्हणजे अमेरिकन कोडवाले, लावत नाहीत, आणि आमच्याकडे दोन्ही शीट शेजारी ठेवून मलाच विचारतात २० टक्के फरक आला कुठून.

बरं ते ४०० तरी खरं आहे का? ते प्रोग्राममधलं. कॉर्नरला टॉर्च (रोबोच्या हातातली वेल्डिंगची बंदूक) वळताना रोबो स्लो होतो, तिथे ३०० झालं की तोच आकडा थेट १.४६. आणि ते २६० अँपिअर कोणी सेट केलेत? आपण वायर फीड आणि व्होल्टेज सेट करतो, करंट जो येईल तो येतो. जॉब फिक्स्चरमध्ये तीन-चार मिलिमीटर खाली बसला की स्टिकआऊट, म्हणजे टॉर्चच्या टिपबाहेर आलेली वायरची लांबी, वाढला, करंट पडला, वायर मात्र तेवढीच जातेय. आज टिप काढून बघितली तर भोक गोल राहिलंच नव्हतं, वायरने एका बाजूने खाऊन पार लांबट केलेलं, वायर आत कुठे टेकते आणि कुठे सुटते कोण सांगणार? आणि याच्यावर मी दोन दशांश स्थळांपर्यंत अंदाज द्यायचा!

सगळ्यात जास्त संताप होतो तो पल्सचा, म्हणजे करंट सतत वर-खाली करणाऱ्या वेल्डिंगचा. समजा निम्मा वेळ ४०० अँपिअर ३२ व्होल्ट, निम्मा वेळ ५० अँपिअर २० व्होल्ट. सरासरी करंट २२५, सरासरी व्होल्टेज २६, गुणाकार ५८५० वॅट. आता प्रत्येक क्षणाची पॉवर काढून मग सरासरी घ्या, ६९०० वॅट! कागदावरच्या आकड्यापेक्षा जवळजवळ १८ टक्के जास्त उष्णता, ती कागदावर नाहीच, पण जॉबमध्ये गेलेली आहे, आणि इम्पॅक्ट टेस्ट (जोड घाव सोसतो का ते बघणारी) फेल गेली की बोट कोणाकडे, तर प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे. एएसएमई सेक्शन ९ मध्ये वेव्हफॉर्म कंट्रोलला (पल्स त्यातलंच) क्षणाक्षणाची एनर्जी किंवा पॉवर धरूनच हिशोब करा असं लिहिलेलं आहे, आमच्या पॉवर सोर्सवर (वेल्डिंगला वीज देणारं मशीन) एनर्जीचं रीडिंग दिसतंसुद्धा, पण ते नोंदवायला शीटमध्ये साधा कॉलम नाही, मागून मागून थकलो मी.

उद्या परत तीच शीट सहीला येणार आहे. त्या १.०९ च्या खाली मी सही करणार नाही, कोणाला काय बोलायचं ते बोलू दे.