तेल लावूनही बंदूक गंजली, या तक्रारीस आमचे उत्तर

नमस्कार,

आपण लिहिले आहे की, आमचे तेल लावून वडिलांची दुनळी बंदूक चामडी खोळीत आठ महिने ठेवली आणि बाहेर काढली तेव्हा नळ्यांवर, विशेषतः हात धरतो त्या जागी, तांबूस ठिपके पडलेले दिसले. हे तेल म्हणजे शुद्ध फसवणूक असून आता आपण दोन्ही नळ्यांत मोटारीचे घट्ट ग्रीस भरून ठेवले आहे, असेही आपण म्हटले आहे.

सर्वांत आधी त्या ग्रीसविषयी लिहितो, कारण गंजापेक्षा ती गोष्ट अधिक गंभीर आहे. नळीत ग्रीसचा गोळा असताना बार काढला, तर वायूचा दाब अडून नळी फुगू किंवा फुटू शकते. म्हणून कृपया आजच बंदुकीला चिठ्ठी बांधा, म्हणजे घरातील दुसरे कोणी ती अजाणता वापरणार नाही. वापरापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाच्या तुकड्यांनी नळ्या व चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, पुसत राहा. कोरडा तुकडा स्वच्छ बाहेर येईपर्यंत आणि उजेडाकडे धरून पाहिल्यावर नळी आरपार मोकळी दिसेपर्यंत थांबू नका.

आता आमच्या चुकीविषयी. बाटलीवर आम्ही ‘दीर्घकाळ संरक्षण’ असे छापले होते, आणि आठ महिन्यांच्या साठवणीला ते शब्द लागू पडत नाहीत. हे तेल पातळ आहे. नेहमी वापरात असलेल्या बंदुकीसाठी ते चांगले, कारण ते फटींत शिरते, हलत्या भागांना वंगण देते आणि सहज पुसता येते. परंतु त्याच पातळपणामुळे उभ्या ठेवलेल्या नळीवरून ते हळूहळू खाली ओघळते, त्यातला उडून जाणारा अंश हवेत जातो आणि मागे उरणारा थर इतका विरळ होतो की दमट हवा लोखंडापर्यंत पोहोचते. लांबच्या साठवणीसाठी मेणासारखा घट्ट थर लागतो. दुसऱ्या महायुद्धातल्या कितीतरी रायफली कॉस्मोलीन नावाच्या पेट्रोलियमजन्य लेपात बुडवून ठेवल्या होत्या आणि काही दशकांनंतरही चांगल्या स्थितीत बाहेर निघाल्या. वापरापूर्वी तो लेप पूर्ण काढावाच लागतो, ही त्याची किंमत.

तरीही ‘फसवणूक’ हा शब्द मला मान्य नाही, आणि ठिपके हाताच्या जागीच पडले हा आपणच नोंदवलेला तपशील त्याचे कारण सांगतो. घामात मीठ असते, मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि गंज चढण्याचा वेग वाढवते. हे मीठ तेलात विरघळत नाही. बोटांचे ठसे न पुसता तेल चोळले, तर मीठ तेलाखाली तसेच राहते आणि आपले काम करीत राहते. (तळाशी ठिणगी देणारी पोटॅशियम क्लोरेटची टोपी असलेली जुनी काडतुसे वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे: बार काढल्यावर नळीत उरणारा त्यांचा क्षार आधी पाण्याने धुऊन नळी पूर्ण कोरडी करावी लागते, मग तेल.) नळीवरचा निळसर-काळा मुलामा पुरेसा आहे असे अनेकांना वाटते, पण तोही लोखंडाचाच एक पातळ, सच्छिद्र ऑक्साइड आहे, जो तेल धरून ठेवतो, पण एकट्याने गंज रोखू शकत नाही.

चामडी खोळ नेण्या-आणण्यासाठी ठीक आहे, साठवणीसाठी नाही. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेले क्षार व आम्ले त्यात उरलेली असू शकतात. आमच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता, म्हणून त्याचा दोष मी आपल्यावर टाकत नाही.

ठिपके केवळ पृष्ठभागावर असतील तर बंदूक वाया गेलेली नाही. त्यांवर तेल टाकून काही तास मुरू द्या आणि अगदी बारीक स्टील वूलने, दाब न देता चोळा. सँडपेपर किंवा गंज काढणारे आम्ल वापरू नका, कारण गंजाबरोबर मुलामाही निघून जाईल. नखाला खड्डा जाणवला, किंवा नळीच्या आत गंज दिसला, तर परवानाधारक बंदूक-कारागिराला दाखवल्याशिवाय बार काढू नका. साफसफाईनंतर रॉकेलने पुसून, कोरडी करून, स्वच्छ हातमोजे घालून साठवणीचे ग्रीस बाहेरून पातळ व सलग लावा, आणि दमट दिवसांत महिन्यातून एकदा पाहणी करा.

बाटलीचे पूर्ण पैसे आम्ही परत करीत आहोत आणि साठवणीच्या ग्रीसचा एक डबा आपल्याला विनामूल्य पाठवीत आहोत. बाटलीवरचे ते दोन शब्द काढून त्या जागी ‘नियमित वापरातील बंदुकीसाठी, साठवणीसाठी नाही’ असे मोठ्या अक्षरांत छापण्यास दिले आहे. वडिलांच्या बंदुकीवर डाग पडलेला पाहून आपल्याला झालेल्या दुःखाबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.