कलाकृती तात्पुरती, समिती कायमची

अभिनंदन! शहराच्या मध्यवर्ती भागात स्थानिक कलाकारांकडून काही महिन्यांपुरत्या कलाकृती उभारून घेण्यासाठी जी समिती नेमली आहे, तिच्यावर तुमची वर्णी लागली. तिथले गाळे रिकामे पडत चाललेत, संध्याकाळनंतर चिटपाखरू फिरकत नाही, आणि यावर कुणीतरी बैठकीत 'काहीतरी कलात्मक करू या' असा उतारा सुचवला. सुचवणारे गृहस्थ त्यानंतरच्या एकाही बैठकीला आले नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आता निस्तरायचं तुम्हाला. पण हातपाय गाळू नका. या कामात नाव मिळतं, फोटो छापून येतो, आणि थोडं डोकं चालवलं तर खर्च आणि धोका दोन्ही अलगद कलाकाराच्या गळ्यात अडकवता येतात.

सुरुवात आवाहनापासून. याची एक सरळ रीत आहे: आधी कलाकारांकडून फक्त जुन्या कामांचे नमुने मागवायचे, त्यातून तीन-चार जण निवडायचे, त्यांना आराखडा करण्याचे पैसे द्यायचे आणि मग त्यातला एक पक्का करायचा. ही रीत साधी आहे, न्याय्य आहे, म्हणजेच तुमच्या काही कामाची नाही. तुम्ही पहिल्याच फटक्यात सगळ्यांकडून सगळं मागा. चारही बाजूंची रंगीत संकल्पचित्रं, मोजमापांसह आराखडा, छोटी प्रतिकृती, सामानाची यादी, अभियंत्याचा दाखला, आणि 'ही कलाकृती परिसराच्या अर्थकारणाला कशी चालना देईल' यावर पाचशे शब्द. चाळीस जणांनी पाठवलं, तर एकोणचाळीस जणांची मेहनत तुमच्याकडे फुकट जमा. आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ असतात. तुम्हाला इथे आवळासुद्धा द्यावा लागत नाही. शिवाय नाकारलेल्या आराखड्यातली एखादी कल्पना आवडलीच, तर ती निवडलेल्या कलाकाराच्या कानावर घालायला कोण अडवतंय?

मुदतीचं गणितही जमवा. आवाहनाचा मसुदा ठरवायला चार महिने घ्या, प्रस्ताव पाठवायला बारा दिवस द्या, निर्णयाला पुन्हा पाच महिने. अनावरणाची तारीख मात्र हलवू नका, पाहुण्यांनी ती दिलेली असते. मधे जे नऊ दिवस उरतील, त्यात कलाकाराने कलाकृती घडवावी. प्रतिभा घाईतच फुलते, असं समितीतला कुणीतरी म्हणेलच.

स्थानिक कोण, हा प्रश्न नाजूक आहे आणि तो तसाच ठेवण्यात तुमचं हित आहे. इथे जन्मलेला पण कामासाठी बाहेर गेलेला, तो आता बाहेरचा. बाहेरून येऊन इथे दहा वर्षं घरभाडं भरणारा, तो मुळात बाहेरचाच. दोघेही बाद झाले की जे उरतात, ते बहुतेक समितीच्या ओळखीचे निघतात. योगायोग.

विषय तुम्हीच ठरवून द्या: वारसा, एकता, निसर्ग आणि उद्याचं शहर. एक नव्हे, चारही, एकाच कृतीत. सोबत काय नको तेही कळवा. राजकारण नको, धर्म नको, उघडं अंग नको, दुःख तर नकोच. आणि काळा रंग जपून, कारण मागच्या बाजूला बँक आहे. एवढं करूनही कलाकाराचं स्वतःचं काही शिल्लक राहण्याची भीती वाटत असेल, तर सरळ प्राणी वाटा. झुरिकने १९९८ मध्ये आणि शिकागोने १९९९ मध्ये फायबरग्लासच्या गाई रस्त्यावर आणल्या. गाय साच्यातून आयती निघालेली, कलाकाराने ती रंगवायची. (आता खरं सांगायचं तर लोकांना त्या आवडल्या, शिकागोच्या गाई नंतर धर्मादाय लिलावात हातोहात गेल्या, आणि त्यातल्या काही गाई खरोखरच बहारदार होत्या. पण त्यानंतर ज्याला त्याला आपापला प्राणी हवासा झाला.) साच्याचा मोठा फायदा असा, की आकाराबद्दल वादच होत नाही. गाईसारखी गाय. तुम्ही मासा घ्या, हत्ती घ्या, पाठीवर सपाट जागा असली म्हणजे झालं. तिथे प्रायोजकाचं बोधचिन्ह बसतं.

आता पैसा. अंदाजपत्रक वरून खाली लिहा, म्हणजे कलाकाराच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर आपोआप सगळं संपतं. वर मंच, ध्वनिक्षेपक, ड्रोनने चित्रीकरण, फलक, पाहुण्यांचा प्रवास, समितीच्या बैठका. तळाशी 'कलाकार (सर्वसमावेशक)'. हा कंसातला शब्द फार गुणी आहे. त्याच्या पोटात सामान येतं, कारागिरांची मजुरी येते, वेल्डिंग, रंग, वाहतूक, क्रेन, विमा, रात्रीचे दिवे, पायाचे काँक्रीटचे ठोकळे, अभियंत्याची फी, आणि शेवटी सगळं उतरवून जमीन होती तशी करून देणं. यातून काही उरलंच तर ते मानधन. काही उरलं नाही, उलट खिशातून गेले, तर कलाकाराला आठवण करून द्या की त्याचं काम हजारो लोक बघणार आहेत. बघणाऱ्यांपैकी किती जण त्याच्या घराचं भाडं भरणार आहेत, हे तो विचारणार नाही. विचारलंच तर पुढच्या वेळी त्याला बोलावू नका.

कुणी फारच ताणलं तर क्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याचा दाखला फेका. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २००५ च्या फेब्रुवारीत त्यांनी केशरी कापडाच्या ७,५०३ कमानी उभारल्या, १६ दिवस ठेवल्या, आणि शहराकडून एक पैसाही घेतला नाही. इथेच थांबा. ते पैसे त्यांनी त्याच प्रकल्पाची स्वतः काढलेली चित्रं आणि आराखडे विकून उभे केले होते, हे सांगत बसू नका. कल्पना १९७९ ची, १९८१ मध्ये नकार, आणि परवानगी मिळून कमानी उभ्या राहायला एकूण २६ वर्षं, हेही गाळा. की उलट हे मोठ्याने सांगावं? तुमच्या पाच महिन्यांबद्दल मग कुणी ब्र काढणार नाही.

जागा शेवटी ठरवा. आराखडा मोकळ्या चौकासाठी करून घ्यायचा आणि आयत्या वेळी कळवायचं, की तिथे खाली जलवाहिनी आहे, खोदता येणार नाही, वरून केबल गेली आहे, सहा फुटांपेक्षा उंच चालणार नाही, आणि समोरच्या दुकानाची पाटी झाकली जाता कामा नये. मग कलाकृती वाहनतळाच्या तोंडाशी, कचराकुंडी आणि विजेची पेटी यांच्या मधे बसते. तिथे ती बसते हेही खूपच झालं.

वाऱ्याचा विषय निघाला की कुणाचा तरी मोबाईल वाजेल अशी व्यवस्था असू द्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे शाळेतलं गणित चौकात फार महाग पडतं. मँचेस्टरमध्ये ५६ मीटर उंचीचं, पोलादी काट्यांचा स्फोट व्हावा तसं एक शिल्प २००५ मध्ये उभं राहिलं. अनावरणाच्या आधीच एका काट्याचं टोक खाली पडलं, आणि २००९ मध्ये सगळंच उतरवावं लागलं. ते तर कायमचं म्हणून बांधलं होतं. तुमचं तात्पुरतं आहे, त्यामुळे हिशेबही तात्पुरताच करायचा: पातळ पत्रा, जमिनीत चार बोल्ट, वर नटाबाहेर दोन-दोन बोटं उघडे राहिलेले आटे, नेमके दोन वर्षांच्या मुलाच्या नडगीच्या उंचीवर. त्यावर घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात आणि जवळजवळ फुकट मिळतात, पण ती खरेदी कुठल्या खर्चशीर्षाखाली दाखवायची यावर निर्णय प्रलंबित असावा. मुलं वर चढतीलच. त्यासाठी 'चढू नये' असा फलक लावा. वाचता येण्याच्या वयाआधीच मुलं चढतात, हा फलकाचा दोष नाही.

अनावरणाविषयी मी काय सांगावं? ते तुम्हाला जमतं. एवढंच बघा, की संगमरवरी पाटीवर मान्यवरांची नावं पदांसह यावीत आणि कलाकाराचं नाव आलंच तर त्यात एक अक्षर चुकलेलं असावं. पाटी कलाकृतीपेक्षा टिकाऊ घ्या.

त्यानंतर तक्रारी येतील. शिल्पकार रिचर्ड सेरा यांची न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामधली १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादी भिंत आठवा, किंवा बैठकीत पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करा. सरकारनेच सांगून करवून घेतलेली, १९८१ मध्ये उभी राहिली. ती चौक अडवते म्हणून तिथे काम करणारे वैतागले, आणि त्यांचंही अगदीच चूक होतं असं म्हणवत नाही. रोज वळसा घालून कामावर जाणाऱ्याला शिल्पाची वक्रता ऐकवणं सोपं नसतं. १९८५ मध्ये जनसुनावणी झाली. १८० जण बोलले, त्यातले १२२ भिंत राहू द्या म्हणाले. सुनावणी घेणाऱ्या मंडळाने ती हलवण्याची शिफारस केली. शेवटी १९८९ च्या मार्चमध्ये रात्री तुकडे करून ती उचलली. यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. जनसुनावणी अवश्य घ्या, खुर्च्या पुरेशा मांडा, नोंदवही ठेवा. आणि क्रेन आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

करार मात्र जाड असू द्या. कलाकृती कधीही हलवता, कापता, रंगवता, झाकता येईल असं एक कलम बारीक अक्षरात घाला, कारण कलाकारांना कधीकधी वकील भेटतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भलंमोठं ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये न विचारता काढून गोदामात टाकलं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला लावले, वर ५ लाख रुपये भरपाई. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह-पॉइंट्झ नावाच्या इमारतीवरची चित्रं मालकाने २०१३ मध्ये एका रात्रीत पांढरी फासली. २०१८ मध्ये २१ कलाकारांना ६७ लाख डॉलर देण्याचा निकाल झाला. पांढरा रंग इतका महाग कुठेच मिळत नसेल. म्हणून नुकसान झालं तर जबाबदारी कलाकाराची, कौतुक झालं तर प्रतिमेचे हक्क समितीचे, असं स्वच्छ लिहून सही घ्या. सही अनावरणाच्या सकाळी घ्यावी. तेव्हा कुणी वाचत नाही.

देखभालीचा खर्च धरू नका. उन्हाने स्वस्तातला लाल आधी गुलाबी होतो, मग मळकट. विनाइलचा एक कोपरा सुटतो. त्याला कुणीतरी पारदर्शक चिकटपट्टी लावतं, तिच्यावर धूळ बसते आणि आता तो कोपरा बाकीच्या कलाकृतीपेक्षा जास्त उठून दिसतो. आतला दिवा लुकलुकू लागतो. लोक त्यालाही कलाच समजतात, तेव्हा बदलायची घाई नको.

राहता राहिलं उतरवणं. करारात ते कलाकाराच्या माथी आहेच, पण त्याचे पैसे संपलेत आणि तो फोन उचलत नाही. कुणी विचारलंच तर आयफेल टॉवर दाखवा. १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभारलेला, परवाना अवघा २० वर्षांचा, बिनतारी संदेशांसाठी कामाला आला म्हणून वाचला. तुमच्या फायबरच्या माशाचा असा काही उपयोग निघाला नाही तरी तोही वाचेल, कारण त्याला काढायला तरतूदच नाही. हां, लंडनच्या ट्रॅफल्गर चौकाचं नाव कुणाला काढू देऊ नका. पुतळ्याला पैसे कमी पडले म्हणून १८४१ पासून रिकामा पडलेला चौथा चौथरा त्यांनी १९९९ पासून तात्पुरत्या कलाकृतींसाठी वापरायला काढला, आणि आजही एकामागून एक येणाऱ्या कामांच्या प्रतिकृती आधी लोकांसमोर मांडतात. २००९ मध्ये तर अँटनी गॉर्मली यांनी तिथे १०० दिवस, दर तासाला एक अशी २,४०० साधी माणसं उभी केली. अशी उदाहरणं ऐकली की लोकांच्या अपेक्षा वाढतात.

एक दिवस वारा आपलं काम करील आणि मासा जाईल. खाली उरतील काँक्रीटचे ठोकळे आणि चार बोल्ट. ठोकळे फोडायलाही पैसे लागतात, म्हणून बोल्ट कापून घ्या, वर पांढरा रंग मारा आणि अहवालात 'नागरिकांसाठी आसनव्यवस्था' अशी नोंद करा. पाटी तीच चालेल, फक्त तारीख बदला. कुणी तिथे बसलेलं दिसलं तर लगेच फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात लोकसहभागाचा पुरावा जोडावा लागतो.